शेवटचा हात

आडनावात धंदा लपलेला असतो, हे आपल्याला नवीन नाही. अत्तार म्हटलं की सुगंध आठवतो, बागवान म्हटलं की फळांची गाडी, मणेर म्हटलं की बांगड्या. आपल्या सांगली-साताऱ्याकडं आणखी एक आडनाव नेहमी कानावर येतं. शिकलगार. या शब्दाचं मूळ अरबी-फारसीत आहे. ‘सैकल’ म्हणजे उजाळा, लकाकी आणि ‘सैकलगर’ म्हणजे हत्याराला उजाळा देणारा. तलवार लोहारानं घडवायची आणि सैकलगरानं तिच्यावर शेवटचा हात फिरवायचा. बोलता बोलता सैकलगरचा शिकलगार झाला. म्हणजे आपल्या शेजारी असा एक समाज राहतो, ज्याच्या नावाचाच अर्थ ‘पॉलिश करणारे’ असा आहे.

सूफी कवींनी हा सैकल शब्द फार जपला. जुन्या काळी आरसे धातूचे असत. ते गंजत, काळे पडत आणि घासल्याशिवाय त्यांत तोंड दिसत नसे. माणसाचं मन म्हणजे तसा आरसा, त्याला रोज सैकल हवा, असं ते म्हणत. पण आज मी मनाच्या पॉलिशबद्दल बोलणार नाही. साध्या, लाकडावरच्या पॉलिशबद्दल बोलणार आहे. त्यातही पॉलिश कोणतं यापेक्षा ते लावायचं कशानं याबद्दल. ब्रशनं, बोळ्यानं, की फवाऱ्यानं? प्रश्न किरकोळ वाटेल. पण मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हा प्रश्न सध्या बऱ्याच घरांत बाप आणि मुलगा यांच्यामध्ये उभा आहे.

मिरजेची गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तलवारींचा जमाना सरला, तसं तलवारींना उजाळा देणाऱ्यांचं काम गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेच्या फरीदसाहेब शिकलगारांनी सतारी आणि तंबोरे दुरुस्त करता करता नवे घडवायला सुरुवात केली, असं सांगितलं जातं. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड होती, त्यांचा आश्रय मिळाला. पुढं किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत येऊन राहिले. १९३७ साली ते गेले, तेव्हा त्यांचा दफनविधी मिरजेतच, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात झाला. तिथं आजही त्यांच्या आठवणीत गाणं होतं. गाणाऱ्यांचं गाव असल्यामुळं घडवणाऱ्यांचं गाव टिकलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. साताऱ्याच्या बाजूला औंधच्या संगीत महोत्सवाला आपण जातो, तेव्हा गवयाच्या मागं जे तंबोरे दिसतात, तशा तंबोऱ्यांचं माहेर हे असं जवळच आहे.

तंबोरा घडतो कसा, ते थोडक्यात सांगतो. भोपळा येतो सोलापूर जिल्ह्यातून, भीमेकाठच्या गावांतून. हा खायचा भोपळा नव्हे. कडू, जाड सालीचा, वेलीवरच पक्का होऊन वाळवलेला. तो कापायचा, भिजवून मऊ करायचा, आकार द्यायचा, पुन्हा वाळवायचा. दांडीला आणि तबलीला, म्हणजे भोपळ्याचं तोंड झाकणाऱ्या पातळ लाकडी फळीला, तून नावाचं लाकूड. सगळं जोडून झालं की नक्षी, मग काचकागदानं घासणं, मग रंग आणि पॉलिश, शेवटी तारा आणि जवारी. जवारी काढणं हे सगळ्यांत नाजूक काम. त्याबद्दल पुष्कळ बोललं, लिहिलं गेलं आहे. पॉलिशबद्दल कुणी बोलत नाही. ते दिसतं, म्हणून आपल्याला वाटतं की ते समजलं.

जुनं पॉलिश म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक इवलासा किडा बसतो. तो रस शोषतो आणि अंगावर राळेसारखं कवच तयार करतो. हीच लाख. ती खरवडून, धुऊन, वितळवून पातळ पापुद्रे काढले की झाला चपडा. आपल्या देशात ही लाख मुख्यतः झारखंड-छत्तीसगडकडं होते. तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ १९२४ सालीच संस्था निघाली होती. चपडा स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवला की विरघळतो. सकाळी फडक्यातून गाळून घेतला की मधाच्या रंगाचं पॉलिश तयार. लिटरभर स्पिरिटला सव्वाशे-दीडशे ग्रॅम चपडा, हे हातानं लावायच्या पॉलिशचं साधारण प्रमाण.

आता ते लावायचं कशानं? माझ्या ओळखीचे एक बुजुर्ग कारागीर आहेत. मी त्यांना चाचा म्हणतो. त्यांच्याकडं बसून मी जे पाहिलं, तेच तुम्हाला सांगतो.

पहिलं साधन बोळा. मधे कापूस आणि वरून मऊ सुती फडकं. फडकं नवं चालत नाही. नव्या कापडात खळ असते, त्याचे तंतू सुटतात आणि पॉलिशमध्ये अडकून बसतात. शंभरदा धुतलेलं धोतर किंवा जुनी मलमलची ओढणी सगळ्यांत चांगली. बोळा पॉलिशमध्ये बुडवायचा नाही. फडकं उघडून आतल्या कापसावर पॉलिश ओतायचं, फडकं पुन्हा बांधायचं आणि कागदावर दाबून जादाचं काढून टाकायचं. फडक्यातून जेवढं पाझरतं तेवढंच लाकडाला लागलं पाहिजे. मग बोळा फिरवायचा. थांबवायचा अजिबात नाही. थांबला की स्पिरिट खालचा थर विरघळवतं आणि तिथं ठसा उमटतो. चाचा म्हणतात, ‘‘विमान उतरतं ना भाई, तसा फिरत फिरत टेकवायचा आणि फिरत फिरतच उचलायचा.’’ बोळा अडखळायला लागला तर त्याला जवसाच्या तेलाचं बोट लावायचं. एक थर कागदापेक्षा पातळ. असे कितीतरी थर. मधे वाळू द्यायचं, हलकं घासायचं आणि पुन्हा.

मी एकदा विचारलं, ‘‘चाचा, एकदाच थोडं जाड लावलं तर दोन दिवस वाचतील की.’’ ते हसले. म्हणाले, ‘‘जास्ती लावायला अक्कल लागत नाही भाई. कमी लावायला लागते.’’

हे त्यांचं बोलणं फक्त बोधवाक्य नाही. त्यामागं कारण आहे. तंबोऱ्याची तबली हलली, थरथरली तरच तो वाजतो. तिच्यावर जाड थर चढवला की तिला अंगरखा घातल्यासारखं होतं. चकाकते, पण बोलायची कमी होते. म्हणून तबलीवर पातळ आणि दांडीवर, जिथं हात फिरतो तिथं, थोडं अधिक. बोळ्यानं हा फरक करता येतो. किती लागलं हे बोटांना कळतं.

दुसरं साधन ब्रश. नक्षीच्या खाचा, खुंट्यांच्या भोवतीचे कोपरे, जोड, जिथं बोळा पोचत नाही तिथं ब्रशच हवा. लाखेसाठी ब्रश मऊ, खऱ्या केसांचा असावा. लाख पटकन धरते. राठ केसांचा ब्रश तिच्यावर रेघा ओढून ठेवतो आणि त्या बुजायच्या आत ती वाळलेली असते. विकत घेताना केस बोटांत धरून हलकेच ओढून पाहावेत. दुकानातच पाच-सहा केस हातात आले, तर तो ब्रश घरी आणू नये. आणल्यावर आधी कोरडाच तळहातावर आपटून घ्यावा, सुटे केस निघून जातात. ब्रश केसांवर उभा करून ठेवायचा नाही, वाकडा होतो आणि मग जन्मभर वाकडाच चालतो.

जपानमध्ये लाखेसारख्याच एका झाडाच्या चिकापासून अप्रतिम भांडी करतात. तो चीक फार घट्ट असतो. त्यासाठी त्यांचे ब्रश माणसाच्या केसांचे असतात. पेन्सिलीत शिसं असावं तसे ते केस लाकडी पट्टीच्या आत लांबवर गेलेले असतात. टोक झिजलं की पट्टी थोडी तासायची, केस नव्यानं कापायचे, ब्रश पुन्हा नवा. एक ब्रश कित्येक वर्षं पुरतो. आपल्या दक्षिणेकडं चन्नपट्टणला लाकडी खेळणी होतात. तिथं तर ब्रशही नाही आणि बोळाही नाही. खेळणं चरकावर गरगर फिरत असताना त्याला रंगीत लाखेची कांडी टेकवतात, घर्षणानं ती वितळून चिकटते आणि मग वरून केवड्याच्या जातीच्या पानाची पट्टी दाबून धरतात. पानानं लाख सारखी पसरते आणि चमक येते. साधन बाजारातून आणावंच लागतं असं नाही. ते बांधावरसुद्धा उगवलेलं असतं. मात्र काम काय आहे, हे ज्याला कळलं त्यालाच ते दिसतं.

तिसरं साधन फवारा. म्हणजे कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन. इथंच सतारमेकर गल्लीतला वाद सुरू होतो. चाचांचा धाकटा मुलगा शिकलेला आहे, हुशार आहे. त्याचं म्हणणं असं, ‘‘अब्बा, एका तंबोऱ्याला बोळ्यानं आठवडा जातो. फवाऱ्यानं पॉलियुरेथेन मारलं तर दोन दिवसांत वाद्य काचेसारखं. गिऱ्हाइकाला चमक पाहिजे. पुण्या-मुंबईचं, परदेशातलं गिऱ्हाईक फोटो बघून मागणी देतं. फोटोत आवाज ऐकू येत नाही, चमक दिसते.’’

मंडळी, हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आठवडाभराचे कष्ट आणि हातात पडणारे पैसे यांचा मेळ बसला नाही, तर पुढची पिढी हे काम करणार नाही. कलेचे गोडवे गाणाऱ्यांनी कारागिराच्या घरचं वीजबिल भरलेलं नसतं. शिवाय दोन भागांचं ते नवं पॉलिश मजबूत असतं, हेही खरं. लाखेवर गरम चहाचा कप ठेवला तर पांढरं वर्तुळ उठतं, पावसाळी दमट हवेत लाख लावली तर ती दुधाळ होते, स्पिरिट सांडलं तर विरघळते. जेवणाच्या टेबलाला लाखेचं पॉलिश करू नये, असं मीच सांगेन.

पण फवाऱ्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दोन भागांच्या पॉलियुरेथेनमध्ये जे कडक करणारं रसायन मिसळतात, त्याचा तुषार श्वासातून आत गेला तर दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. त्याला योग्य गाळणीचा मुखवटा आणि हवा बाहेर फेकणारी वेगळी खोली लागते. सतारमेकर गल्लीत माडीवर घर, खाली कारखाना. पलीकडं स्वयंपाकघर, मुलं अभ्यास करत बसलेली. तिथं फवारा मारायचा म्हणजे सगळ्या घरानं तो श्वासात घ्यायचा. बोळ्याच्या कामातही स्पिरिट पेटतं, म्हणून शेगडी लांब आणि खिडक्या उघड्या हव्यात. जवसाच्या तेलाची फडकी तर चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवावीत आणि मगच टाकावीत.

मला मात्र सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. ती समजावी म्हणून जरा वाकडी वाट करतो आणि तुम्हाला नदीवर नेतो.

युरोप-अमेरिकेत गळानं मासे धरण्याचा मोठा छंद आहे. आपल्याकडं कृष्णेच्या काठी बांबूच्या काठीला दोरी बांधली की झाला गळ. तिकडं काठ्या स्वतःच्या हातानं बांधणारे हौशी लोक असतात. काठीवर लहान लहान कड्या बसवतात, दोरी त्या कड्यांतून जाते. कडीचे पाय काठीवर टेकवून त्यांच्यावर रेशमाचा किंवा नायलॉनचा बारीक दोरा एकाला एक लावून गुंडाळतात. आपल्या भोवऱ्याच्या जाळीसारखा नव्हे, अगदी शिस्तीत, वेढ्याला वेढा चिकटून. मग त्या वेढ्यांवर पॉलिश. पूर्वी व्हार्निश लावत. आता बहुतेक जण दोन भाग मिसळून कडक होणारं इपॉक्सी लावतात. ते घट्ट असतं आणि हळूहळू धरतं, म्हणून काठी लहानशा मोटारीवर तासन्‌तास सावकाश फिरत ठेवावी लागते, नाहीतर ओघळ एका बाजूला लोंबतो.

आणि त्या लोकांतही हाच प्रश्न, लावायचं कशानं? ब्रशनं लावलं तर केसांमुळं हवेचे बुडबुडे धरतात. म्हणून काही जण ब्रश टाकून चपट्या, लवचिक पोलादी पातीनं ते वेढ्यांवर पसरतात. पातीला केस नाहीत, म्हणून केस सुटायची भीती नाही आणि बुडबुडेही कमी. पुसली की स्वच्छ. पण कडीच्या पायाजवळच्या चिंचोळ्या जागेत पाती वळत नाही, तिथं बारीक ब्रशच बरा. तोही स्वस्तातला घ्यावा. कारण इपॉक्सी एकदा कडक झालं की कुठल्याही साध्या द्रावात सुटत नाही, ब्रश फेकावाच लागतो. लाखेचं उलट आहे. वाळून दगड झालेला लाखेचा ब्रश स्पिरिटमध्ये ठेवा, थोड्या वेळात मऊ होतो. म्हणून लाखेसाठी महाग ब्रश घेणं परवडतं आणि इपॉक्सीसाठी महाग ब्रश म्हणजे निव्वळ उधळपट्टी. साधनाची निवड करताना ही पहिली खूणगाठ. हातात घ्यायचं साधन कोणतं, हे आपण लावणार ते उद्या सुटणार आहे की कायमचं बसणार आहे, यावर ठरतं.

आता परत सतारीकडं या. सतारीच्या दांडीवर पितळेचे वाकडे पडदे असतात. तेही दोऱ्यानंच बांधलेले असतात, पूर्वी रेशमानं वा तातीनं, आता नायलॉननं. मासेमारीच्या काठीवर दोऱ्याचे वेढे आणि सतारीवरही दोऱ्याचे वेढे. पण काठीवरच्या दोऱ्याला पॉलिशमध्ये गाडून टाकतात आणि सतारीवरच्या दोऱ्याला पॉलिशचा थेंबसुद्धा लागू देत नाहीत. कारण काय? काठीवरची कडी जन्मभर जागची हलायची नसते. सतारीचा पडदा मात्र रागाप्रमाणं सरकवावा लागतो. कोमल स्वर हवा तर इकडं, शुद्ध हवा तर तिकडं. त्या दोऱ्यावर पॉलिश चढलं तर सतार एकाच मांडणीत अडकून बसेल. हाताला चांगलं पॉलिश करता येत असूनही जिथं करायचं नाही तिथं तो थांबतो, हा कारागिरीचाच भाग आहे.

आणि हाच नियम साऱ्या वाद्याला लागू पडतो. तंबोरा हे एका माणसाच्या आयुष्याचं वाद्य नव्हे. आजोबांचा तंबोरा नात घेऊन बसते. पन्नास-साठ वर्षांत त्याला टक्के-टोणपे बसतात. भोपळ्याला चीर जाते, तबली थोडी बसते, जोड सुटतो. तो मिरजेला परत येतो. लाखेचं पॉलिश असेल तर कारागीर बोळ्यात स्पिरिट घेतो, ओरखडा पडलेल्या जागी फिरवतो, जुना थर मऊ होतो, नवा त्यात मिसळून जातो. कुठं दुरुस्ती केली ते ओळखू येत नाही. कडक रसायनी पॉलिश असेल तर नवा थर जुन्यात विरघळत नाही, फक्त त्याच्यावर बसतो. ठिगळ दिसतं. नीट करायचं तर सगळं खरवडून काढायचं, आणि त्या खरवडण्यात पातळ तबली आणखी पातळ होते.

म्हणजे बोळा आणि फवारा यांतला खरा फरक वेगाचा नाही. आपल्यानंतर हे वाद्य ज्याच्या हातात जाईल त्याला काम करायला जागा ठेवायची की नाही, हा फरक आहे. बोळ्यानं लाख लावणारा कारागीर आपल्यानंतर येणाऱ्या, न पाहिलेल्या कारागिराला सांगत असतो, ‘बाबा, तुला वाटलं तर हे उघड, मी कुलूप लावलेलं नाही.’

हे मला का जवळचं वाटतं, तेही सांगतो. मी मराठीत कविता लिहितो. घरात आम्ही दखनी बोलतो. शाळेत असताना एक गुरुजी प्रेमानंच म्हणायचे, ‘‘तुझी मराठी चांगली आहे, तिला जरा पॉलिश कर.’’ पुढं कविता छापायला द्यायला लागलो, तेव्हा एका संपादकांनी माझ्या कवितेतलं ‘सालन’ काढून तिथं ‘रस्सा’ घातला. रस्सा हा उत्तम शब्द आहे, मी रोज खातो. पण माझ्या कवितेतली बाई ज्या चुलीपुढं बसली होती, तिथं सालनच शिजत होतं. शब्द बदलला आणि त्या ओळीचं लाकूड झाकलं गेलं. वर चमक आली, खालची रेघ दिसेनाशी झाली.

तेव्हापासून मला दोन प्रकारची पॉलिशं दिसायला लागली. एक लाकडाची रेघ झाकतं, दुसरं ती उठवून दाखवतं. चांगली लाख बोळ्यानं लावली की तुनाच्या लाकडातली रेघ, पाण्याखालचा खडा दिसावा तशी वर येते. भाषेलाही तसाच हात हवा. कागद, बाजार, जमीन, शिल्लक, हजर, हे शब्द मराठीत बाहेरूनच आले आणि आज ते मराठीचीच रेघ झालेत. ते काढायला गेलात तर बाजारात उभं राहून बोलता यायचं नाही. कवितेवर शेवटचा हात फिरवताना मी हल्ली एवढंच पाहतो की मी शब्द झाकतोय की उजळतोय. आणि कागदावर उद्या दुसऱ्या कुणाला काही सुचलं, तर त्याला बोट घालायला जागा आहे की नाही.

आता चाचा आणि त्यांचा मुलगा यांचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. भांडण मिटलं, असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी कामाची वाटणी केली. पेट्यांचे खोके, स्टँड, प्रवासासाठीच्या लाकडी पेट्या यांना मुलगा फवारा मारतो. तोही घरात नाही, गावाबाहेर भाड्याच्या शेडमध्ये, मुखवटा लावून. वाद्याच्या अंगाला मात्र लाख आणि बोळा. आणि त्या वाद्याची किंमत मुलानं वाढवून घेतली. गिऱ्हाइकाला तो आता सांगतो, ‘‘हे पॉलिश तुमच्या नातवाला दुरुस्त करता येईल.’’ काही गिऱ्हाइकं फोन ठेवतात. काही मात्र थांबतात आणि विचारतात, म्हणजे काय? मग तो समजावून सांगतो. चाचा लांबून ऐकतात आणि ऐकत नसल्यासारखं करतात.

श्रोतेहो, तुमच्यापैकी सगळे तंबोरा घडवणार नाहीत. पण घरात आजीचा पाट असतो, लाकडी देव्हारा असतो, रेहल असते, बाबांची आरामखुर्ची असते, एखाद्याकडं हौसेनं बांधलेली गळाची काठी असते. पॉलिश करायची वेळ येतेच. तेव्हा दुकानात जाण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. ही वस्तू रोज काय सोसणार आहे? पाणी, ऊन, गरम भांडं सोसणार असेल तर कडक पॉलिश घ्या, ब्रश स्वस्तातला घ्या, हातमोजे घाला आणि खिडकी उघडा. दुसरा प्रश्न, वस्तूचा आकार कसा आहे? सपाट असेल तर बोळा, खाचाखोचा असतील तर मऊ ब्रश, दोऱ्याचे वेढे असतील तर पाती आणि बारीक ब्रश. आणि तिसरा प्रश्न, हिला पुढं कुणाचा हात लागणार आहे? तो लागणार असेल, तर त्याला सोडवता येईल असं लावा.

जुन्या चपड्याची एक खूणही जाता जाता सांगतो. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख फार दिवस ठेवली की वाळेनाशी होते. म्हणून वापरण्याआधी तिचा एक थेंब काचेवर टाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी तो चिकट लागला तर ती बाटली बाजूला ठेवा, नवी भिजवा. आणि काम पावसाळा सोडून काढा. महाबळेश्वर-कोयनेकडच्या ओल्या हवेत लाख रुसते. मिरजेच्या उन्हाळ्यात ती खुशीत असते.

आपल्याकडं म्हण आहे, हात फिरे तिथं लक्ष्मी फिरे. हात फिरवायचा, म्हणजे तो हलका हवा, फिरता हवा आणि वेळेवर उचलता आला पाहिजे. शिकलगारांनी तलवारीवरून तो तंबोऱ्यावर आणला. तलवार गेली, उजाळा राहिला. सतारमेकर गल्लीत कधी गेलात तर स्पिरिटचा वास येणाऱ्या दारापाशी थांबा. आत कुणीतरी जुन्या धोतराचा बोळा घेऊन बसलेलं असेल. काम चालू असताना त्याला हाक मारू नका. बोळा थांबला की डाग पडतो. त्यानं तो उचलला की मग बोला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)